एडीएचडीचे निदान झाल्यानंतर: मुलासाठी आणि घरासाठी मानसिक आधार कसा उभा करावा

मुलाला एडीएचडी (लक्ष टिकवण्यातली अडचण, अतिचंचलता आणि उतावळेपणा यांची स्थिती) आहे असे कळल्यानंतर बहुतेक घरांत एकदम खूप गोष्टी सुरू होतात. कोणी औषधाला पर्याय शोधू लागते, कोणी ओळखीपाळखीतून समुपदेशकांचे नंबर गोळा करते, कोणी शाळा बदलायचे ठरवते. या धावपळीत महिने निघून जातात आणि मूल मात्र रोज संध्याकाळी त्याच गृहपाठावरून तेच बोलणे खात राहते. आमच्या घराने हा रस्ता पार केला असल्यामुळे कोणती पायरी आधी आणि कोणती नंतर घ्यावी, कोठे काय विचारावे आणि कोणते कागद जवळ ठेवावेत, हे नव्याने सुरुवात करणाऱ्या पालकांसाठी येथे क्रमाने लिहीत आहे. यातली बहुतांश माहिती महाराष्ट्रातील कुटुंबे डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांना एकच धागा आहे. या मुलांना काय करायला हवे हे माहीत असते. ते ठरल्या क्षणी त्यांच्या हातून घडत नाही. आपली पाळी येईपर्यंत थांबावे, वही दप्तरात भरावी, आधी अभ्यास मग खेळ, हे सगळे त्यांना तोंडपाठ असते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांनी हे वर्षानुवर्षे मांडले आहे की, अशा मुलांना मदत द्यायची ती जेथे आणि जेव्हा काम करायचे असते तेथे आणि तेव्हा द्यावी लागते. रविवारी दुपारी समोर बसवून दिलेली समज सोमवारच्या तिसऱ्या तासाला उपयोगी पडत नाही, मग ती समज आईने दिलेली असो वा नामांकित तज्ज्ञाने. समुपदेशक निवडताना, शाळेशी बोलताना आणि घरातले नियम ठरवताना हीच कसोटी लावावी.

१. निदान पुरेशा काळजीने झाले आहे का, ते पाहा

एडीएचडी ओळखण्यासाठी रक्ताची तपासणी किंवा मेंदूचा स्कॅन उपलब्ध नाही. फिट येत असल्याची शंका असेल तर डॉक्टर ईईजी (मेंदूतील विद्युत लहरींची तपासणी) सांगतात, पण तो एडीएचडी सिद्ध करण्यासाठी नसतो. निदान होते ते मुलाचा इतिहास, प्रत्यक्ष निरीक्षण आणि पालक व शिक्षकांनी भरलेल्या प्रश्नावल्या यांच्या आधारे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या डीएसएम-५ या अमेरिकी मनोविकार निदानपुस्तिकेतील निकषांनुसार अवधानाच्या नऊ लक्षणांपैकी किंवा अतिचंचलता व उतावळेपणाच्या नऊ लक्षणांपैकी किमान सहा लक्षणे सहा महिने टिकून असावी लागतात. सतरा वर्षे आणि त्यापुढील वयात पाच पुरतात. काही लक्षणे बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असावी लागतात आणि ती घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. त्यामुळे शाळेकडून काहीही न मागवता दहा मिनिटांच्या एका भेटीत कोणी निदान सांगितले, तर दुसरे मत घेण्यात काहीही वावगे नाही.

एडीएचडीसारखे दिसणारे पण वेगळे असे बरेच काही असते. कानाने कमी ऐकू येणे, चष्म्याचा नंबर, ॲडेनॉइड (नाकामागची ग्रंथी) वाढल्यामुळे घोरणे आणि तुटक झोप, काही क्षण भान हरपणारी फिट, सततची चिंता, अध्ययन अक्षमता, घरातील मोठी उलथापालथ, या शक्यता तपासून झाल्या आहेत का, हे स्पष्ट विचारावे. उलट, ‘टीव्हीसमोर दोन तास हलत नाही, मग याला लक्ष देता येत नाही असे कसे म्हणता?’ हा नातेवाइकांचा ठरलेला प्रश्न निदान खोडून काढत नाही. आवडीच्या आणि क्षणाक्षणाला बदलणाऱ्या गोष्टीत ही मुले गुंतू शकतात. कंटाळवाण्या कामावर लक्ष आणून टिकवणे ही त्यांची अडचण असते.

मुलींच्या बाबतीत अधिक सावध राहावे. वर्गात उड्या न मारणारी, खिडकीबाहेर पाहत बसणारी, वस्तू हरवणारी मुलगी ‘वेंधळी’ म्हणून सोडून दिली जाते आणि तिचे निदान पुष्कळदा दहावीनंतर किंवा कॉलेजात होते.

२. कोणाकडे कशासाठी जायचे, हे वेगळे करा

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. निदान आणि औषध दोन्ही त्याच्या अखत्यारीत येतात. लहान मुलांसाठी बालविकासतज्ज्ञ बालरोगडॉक्टरही हे काम करतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतात आणि मानसोपचार देतात, पण औषध लिहीत नाहीत. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे म्हणजे आरसीआयकडे नोंदणी असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारावा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर तपासावा. हा प्रश्न विचारल्यावर चांगला तज्ज्ञ रागावत नाही, हा माझा अनुभव आहे. शाळेतील समुपदेशक रोजच्या आधारासाठी मोलाचे असतात, परंतु निदान करणे हे त्यांचे काम नाही.

खासगी फी परवडत नसेल तर सरकारी आणि महापालिका रुग्णालयांपासून सुरुवात करावी. मुंबईत केईएम, सायन आणि नायर, पुण्यात ससून, तसेच जिल्ह्याजिल्ह्यांतील वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये यांत मानसोपचार विभाग आहेत. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांचीही बाह्यरुग्ण सेवा असते. केवळ नाव ऐकून तेथे जाणे टाळू नये. गोव्यात बांबोळीची मानसोपचार व मानवी वर्तन संस्था आहे. स्वयंसेवी संस्थांपैकी मुंबईतील ‘उम्मीद’ बालविकास केंद्र आणि ठाण्यातील इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, म्हणजेच आयपीएच, या संस्था मुलांसोबत पालकांबरोबरही काम करतात. तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासायच्या आजारांच्या यादीत एडीएचडीचा समावेश आहे. अंगणवाडी व शाळा तपासणीसाठी येणारे पथक तुमच्या मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवू शकते, आणि तुम्ही स्वतःहूनही जिल्हा रुग्णालयात त्या केंद्राची चौकशी करू शकता.

प्रतीक्षा सर्वत्र असते. सरकारी रुग्णालयात केसपेपर काढण्यासाठी सकाळी लवकर पोहोचावे, आणि बालमानसोपचाराची ओपीडी रोज नसण्याची शक्यता असल्याने वार आधी विचारून घ्यावा.

३. पहिल्या भेटीपूर्वी फाइल तयार करा

पहिल्या भेटीत मूल डॉक्टरांसमोर बहुधा अगदी शहाण्यासारखे बसते. जागा नवी असते, माणूस नवा असतो आणि सगळ्यांचे लक्ष त्याच्यावर असते. अशा वेळी कागद बोलतात. पुढील गोष्टी एका फाइलमध्ये लावून न्याव्यात:

- जन्माच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाची नोंद, चालणे-बोलणे कधी सुरू झाले याची टिपणे
- बालवाडीपासूनची प्रगतिपुस्तके, विशेषतः शिक्षकांचे शेरे असलेली पाने
- शाळेच्या डायरीत आलेल्या तक्रारी
- कान आणि डोळे तपासल्याचे अहवाल, पूर्वीच्या चाचण्यांचे अहवाल, सुरू असलेल्या औषधांची यादी
- शिक्षकांनी भरलेली प्रश्नावली (ती दवाखान्यातून आधी मागवून घ्यावी)
- एका आठवड्याची नोंद: झोपायची आणि उठायची वेळ, गृहपाठाला लागलेला वेळ, कशावरून भांडण झाले आणि ते कसे थांबले
- सरकारी रुग्णालयासाठी आधार कार्ड, शाळेचे बोनाफाईड आणि फोटो

यांत मी एका गोष्टीची भर घालेन, ती म्हणजे मुलाची एखादी भरलेली वही. पहिली दोन पाने समास आखून, तारीख घालून, वळणदार अक्षरात लिहिलेली; तिसऱ्या पानावर अक्षर मोठे होत जाते; पुढे फळ्यावरचे अर्धेच वाक्य उतरवलेले, मध्येच एक क्रिकेटची बॅट काढलेली, आणि शेवटच्या पानांवर गणिताच्या वहीत इतिहासाचा गृहपाठ. अशी एक वही मुलाच्या दिवसाबद्दल अर्ध्या तासाच्या बोलण्याइतके सांगते.

मूळ कागद कोठेही देऊन येऊ नये, झेरॉक्स द्यावी. बुद्ध्यांक चाचणी सुचवली गेली तर ती कशासाठी, हे विचारावे. बिने-कामत किंवा तत्सम चाचणी बौद्धिक क्षमता आणि अध्ययन अक्षमता यांचा अंदाज घेण्यासाठी उपयोगी पडते, पण तिच्या आकड्यावरून एडीएचडी ठरत नाही.

४. उपचारतज्ज्ञाकडून नेमके काय मागायचे, ते ठरवा

येथे सर्वाधिक पैसा आणि वेळ वाया जातो. मूल आत पाऊण तास बसते, पालक बाहेर मोबाइल पाहत बसतात, शेवटी ‘छान बोलला हो आज’ असे सांगितले जाते आणि पुढची तारीख मिळते. मुलाला मन मोकळे करायला जागा मिळाली, हे चांगलेच. पण लहान मुलांत केवळ अशा गप्पांनी किंवा खेळाने एडीएचडीची मूळ लक्षणे कमी होतात, याला फारसा आधार नाही. बारा वर्षांखालील मुलांसाठी आधार असलेला मानसशास्त्रीय उपाय म्हणजे पालकांना वर्तन-व्यवस्थापनाचे प्रशिक्षण आणि शाळेत त्याला जोडून केलेली व्यवस्था. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पालक-प्रशिक्षण हाच पहिला उपाय सांगितला आहे, आणि त्यापुढील वयात औषध व वर्तनोपचार यांची जोड सुचवली आहे.

म्हणून पहिल्या दोन भेटींतच पुढील प्रश्न विचारावेत. पालकांसाठी वेगळी सत्रे आहेत का? (असे प्रशिक्षण साधारण ८ ते १२ सत्रांचे असते.) घरी करायचे काम लिहून मिळेल का? तुम्ही शाळेशी बोलाल का, किमान शाळेसाठी पत्र द्याल का? कोणत्या दोन-तीन गोष्टींत फरक पडायला हवा आणि तो आपण कसा मोजणार? ‘गृहपाठाला बसण्यासाठी चार हाका लागतात त्या दोन व्हाव्यात’ असे उद्दिष्ट मोजता येते. ‘त्याचा आत्मविश्वास वाढेल’ हे मोजता येत नाही. अडीच-तीन महिन्यांनंतरही कोणी हिशेब मांडत नसेल तर तज्ज्ञ बदलण्याचा विचार करावा.

मिडब्रेन ॲक्टिव्हेशनचे वर्ग, स्मरणशक्तीच्या गोळ्या, ‘शंभर टक्के बरे करतो’ अशी हमी देणारी मशिने, यांपासून दूर राहावे. हमी हीच येथे धोक्याची खूण आहे.

५. घरातली व्यवस्था बदला

ही सर्वांत कष्टाची पायरी आहे आणि लाभही येथेच अधिक आहे, म्हणून येथे थोडे थांबतो.

सुरुवात शिस्तीपासून करू नये. पहिले दोन आठवडे रोज दहा-पंधरा मिनिटे मुलाबरोबर त्याच्या आवडीचे काहीतरी करावे, आणि त्या वेळात सूचना, प्रश्न, सुधारणा आणि शिकवण पूर्णपणे बंद ठेवावी. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात तिसऱ्या मिनिटाला ‘तो ठोकळा तिथे नको, इकडे लाव’ असे तोंडातून निघू पाहते. परंतु दिवसभर फक्त चुका दाखवणाऱ्या माणसाच्या कौतुकाला मुलाच्या लेखी किंमत उरत नाही, आणि पुढची सगळी पद्धत त्या कौतुकावरच उभी आहे.

त्यानंतर सूचना देण्याची रीत बदलावी. स्वयंपाकघरातून ‘अरे, आवरलं का, दूध पी, बूट कुठे आहेत, डबा घेतलास का’ अशी दिलेली हाक म्हणजे चार सूचना असतात आणि त्यांतली बहुधा एकही पोहोचत नाही. मुलाजवळ जावे, त्याचे लक्ष आपल्याकडे येईपर्यंत थांबावे, एकच काम प्रश्नार्थी स्वरात न विचारता साध्या शब्दांत सांगावे आणि ते सुरू होईपर्यंत तेथेच उभे राहावे. काम सुरू होताच नाव घेऊन दाद द्यावी: ‘एकदा सांगितल्यावर लगेच उठलास, छान.’ नुसत्या ‘शाब्बास’मधून त्याला नेमके काय जमले ते कळत नाही.

तिसरी गोष्ट गुणांच्या तक्त्याची. फ्रिजवर एक कागद लावावा आणि त्यावर तीनच कामे लिहावीत, त्यांतले एक मूल आताही बऱ्याचदा करते असे असावे, म्हणजे पहिल्या दिवसापासून खाते उघडते. काम झाले की तेव्हाच चांदणी किंवा टिकली लावावी आणि बक्षीस त्याच संध्याकाळी मिळावे: झोपताना एक जादा गोष्ट, पंधरा मिनिटे कॅरम, आवडीची भाजी ठरवण्याचा हक्क. ‘वर्षअखेरीस सायकल’ हे या मुलांच्या दृष्टीने जवळजवळ अस्तित्वातच नसते. मिळालेली टिकली दुसऱ्या चुकीसाठी काढून घेऊ नये. दोन-तीन आठवड्यांत तक्त्यातली गंमत संपते; तेव्हा पद्धत फसली असे समजून कागद फाडू नये, बक्षिसे बदलावीत. ‘ही तर लाच झाली’ असे घरातले कोणीतरी म्हणेलच. आपणही महिन्याच्या पगारावर काम करतो, एवढे उत्तर पुरते.

गृहपाठासाठी जागा आणि वेळ ठरलेली असावी, पण शाळेतून आल्याआल्या नसावी. काम दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत करून मध्ये हलायला मोकळीक द्यावी. ‘थोडा वेळ’ या शब्दाला अर्थ येण्यासाठी काट्यांचे घड्याळ समोर ठेवावे. उद्याचे दप्तर रात्री भरावे आणि भरायच्या वस्तूंची यादी दप्तराच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावी. ती कपाटाच्या दारावर लावल्यास शाळेतून निघताना तिचा काही उपयोग नसतो.

मारणे आणि चारचौघांत पाणउतारा करणे पूर्णपणे टाळावे. परिणाम द्यायचा तो छोटा, आधी सांगितलेला आणि लगेच संपणारा असावा, म्हणजे आज संध्याकाळचा अर्धा तास मोबाइल नाही, एवढाच. आठवडाभराच्या शिक्षेत तिसऱ्या दिवशी मुलाला मूळ कारणच आठवत नाही, आणि आपल्यालाही ती पाळणे जड जाते.

६. शाळेकडे मागणी लहान आणि लेखी ठेवा

साठ मुलांच्या वर्गात बाईंकडे तुमच्या मुलासाठी किती वेळ असू शकतो, याचा विचार करूनच जावे. दहा मागण्यांचे पत्र मुख्याध्यापकांच्या टेबलावर पडून राहते. तीन गोष्टी मागाव्यात: खिडकी-दारापासून दूर आणि फळ्याजवळ जागा, तासाच्या मध्ये फळा पुसणे, वह्या गोळा करणे यांसारखे उठण्याचे अधिकृत काम, आणि एक छोटे रोजचे कार्ड. या कार्डावर दोनच ओळी असाव्यात, उदाहरणार्थ ‘वर्गपाठ पूर्ण केला’ आणि ‘हात वर करून बोलला’. शिक्षकांनी दिवसातून दोनदा फक्त बरोबर किंवा चूक अशी खूण करायची, आणि त्यानुसार घरच्या तक्त्यावर टिकली मिळते. मधली सुट्टी कापण्याची शिक्षा देऊ नये, अशी विनंती आवर्जून करावी, कारण हालचालीची सर्वाधिक गरज असलेल्या मुलाचीच ती सुट्टी सर्वाधिक वेळा जाते.

बोलणे झाल्यावर जे ठरले ते पत्राने शाळेला कळवावे आणि पोच घ्यावी. जूनमध्ये वर्गशिक्षिका बदलतात आणि सगळे पुन्हा सांगावे लागते, तेव्हा हे पत्र उपयोगी पडते. शाळेने ‘याला दुसरीकडे घाला’ असे सुचवले तर घाबरून दाखला काढू नये. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही, आणि शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना त्याच कायद्याने मनाई आहे. हे भांडणाच्या सुरात न सांगताही सांगता येते.

७. औषधाचा निर्णय बाजूला टाकू नका

हा लेख मानसिक आधाराविषयी असला तरी औषधाबद्दल मौन बाळगणे योग्य होणार नाही. अमेरिकेत ७ ते ९ वर्षे वयोगटातील ५७९ मुलांचा एक मोठा अभ्यास झाला, ज्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये आले. चौदा महिन्यांनंतर चंचलता व अवधान या मूळ लक्षणांत काळजीपूर्वक दिलेल्या औषधाचा वाटा वर्तनोपचारापेक्षा मोठा दिसला; औषध आणि वर्तनोपचार दोन्ही मिळालेल्या मुलांना मात्र कमी मात्रा पुरली आणि पालकांशी संबंध, सामाजिक वागणूक यांसारख्या गोष्टींत काहीसा जादा फायदा झाला. तीन वर्षांनी गटांमधला हा फरक मावळला. एकदा काहीतरी करून सोडून देण्याने भागत नाही, असे मी यातून समजतो.

मिथाइलफेनिडेट हे सर्वाधिक वापरले जाणारे औषध अर्ध्या-एक तासात काम करू लागते. भूक मंदावणे आणि झोप उशिरा येणे हे त्याचे नेहमीचे त्रास आहेत, त्यामुळे उंची, वजन, नाडी आणि रक्तदाब यांची नोंद ठेवली जाते. ॲटोमॉक्सेटिन या दुसऱ्या औषधाचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. मिथाइलफेनिडेट भारतात शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत येते. म्हणून डॉक्टरांकडून चिठ्ठी दोन प्रतींत घ्यावी, कारण एक प्रत औषध दुकानदाराला ठेवून घ्यावी लागते, आणि प्रत्येक मेडिकलकडे त्याचा परवाना नसतो. गाव लहान असेल तर औषध कोठे मिळेल ते डॉक्टरांनाच विचारावे आणि स्ट्रिप संपण्याच्या आठवडाभर आधी तजवीज करावी. परीक्षेपुरती गोळी देणे, भावंडाला किंवा मित्राला देऊन पाहणे, मात्रा स्वतः बदलणे, यांपैकी काहीही करू नये.

८. तेराव्या वर्षानंतर मुलाला मध्यभागी आणा

आठवी-नववीपासून टिकल्यांचा तक्ता चालत नाही आणि चालवूही नये. आता तज्ज्ञाशी मुलाचे स्वतःचे नाते हवे. त्या खोलीत काय बोलले गेले हे पालकांना सांगितले जाणार नाही, जिवाला धोका असेल तेवढेच सांगितले जाईल, हे पहिल्याच दिवशी तिघांनी मिळून ठरवून घ्यावे. या वयात संज्ञानात्मक वर्तनोपचार उपयोगी पडतो: मोठे काम तुकड्यांत पाडणे, टाळाटाळीच्या वेळी डोक्यात येणारे विचार ओळखणे, राग चढताना थांबण्याची जागा शोधणे. मुलाला निदानाचे नाव आणि अर्थ स्पष्ट सांगावा. ‘तू आळशी आहेस’ हे त्याने इतकी वर्षे ऐकलेले असते, त्यामुळे खरे कारण कळल्यावर अनेकांना हलके वाटते.

दहावीचे वर्ष, क्लास, रात्री उशिरापर्यंत मोबाइल आणि अपुरी झोप यांच्या एकत्र माऱ्यात एडीएचडीची मुले लवकर ढासळतात. एका वेळी एकच गोष्ट सावरायची असेल तर झोप सावरावी. दुचाकीबाबत घाई करू नये. एडीएचडी असलेल्या तरुणांत अपघाताचे प्रमाण अधिक असते. सिगारेट, दारू यांकडे लवकर वळण्याचा धोकाही उपचार न झालेल्या मुलांत वाढतो, म्हणून त्याविषयी दरडावण्यापेक्षा आधीच मोकळेपणाने बोलावे.

मूल सतत ‘मी नकोच आहे कोणाला’ असे म्हणू लागले, मित्र सोडून खोलीत बसू लागले, अंगावर जखमा दिसल्या किंवा मरणाविषयी बोलू लागले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. थेट विचारावे, एकटे सोडू नये, घरातली औषधे कुलपात ठेवावीत आणि जवळच्या रुग्णालयात न्यावे. टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आणि मराठीतही उपलब्ध आहे. बालकांसाठी १०९८ आणि तातडीसाठी ११२ हे क्रमांकही घरात लिहून ठेवावेत.

९. घरातल्या बाकीच्यांनाही आधार हवा

एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. जुळ्यांच्या अभ्यासांतून तो साधारण तीन-चतुर्थांश येतो. ‘काही झालेलं नाही त्याला, याचा बापही लहानपणी असाच होता’ असे आजी निदान फेटाळण्यासाठी म्हणते, आणि डॉक्टर तेच वाक्य कौटुंबिक इतिहासाच्या रकान्यात लिहून घेतात. आई किंवा वडिलांपैकी कोणाला स्वतःच्या विसराळूपणामुळे तक्ता चालवणे जमत नसेल, तर त्यांनीही तपासणी करून घ्यावी. मोठ्यांसाठीही उपचार आहेत.

आजी-आजोबांना एखाद्या सत्राला बरोबर न्यावे. जे सुनेच्या तोंडून पटत नाही ते डॉक्टरांच्या तोंडून पटते, हे आपल्याकडचे वास्तव आहे. भावंडांसाठी वेगळा वेळ काढावा. शहाण्या भावंडाला ‘तू समजूतदार आहेस ना’ म्हणून सतत माघार घ्यायला लावणे अन्यायाचे असते. आणि तक्ता, औषध, शाळा, दवाखाना हे सगळे एकट्या आईवर पडले असेल तर कामे लिहून वाटून घ्यावीत. आईला झोप न लागणे, सतत रडू येणे असे होत असेल तर तिच्यासाठीही तज्ज्ञाची वेळ घ्यावी.

१०. दाखले, सवलती आणि विमा

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारांची यादी आहे. त्यात एडीएचडीचे स्वतंत्र नाव नाही. विशिष्ट अध्ययन अक्षमतेचे आहे. अनेक मुलांत दोन्ही एकत्र असतात, म्हणून वाचन, लेखन किंवा गणितात वयाच्या मानाने मोठी तफावत दिसत असेल तर त्याची वेगळी चाचणी करून घ्यावी. अध्ययन अक्षमतेचे (एलडीचे) प्रमाणपत्र अधिकृत सरकारी किंवा महापालिका रुग्णालयाकडूनच घ्यावे लागते. खासगी केंद्राचा अहवाल बोर्डापुढे पुरत नाही. ज्यादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलतींचा अर्ज शाळेमार्फत जातो आणि त्याला मुदत असते. तपासणीच्या तारखा मिळायलाच काही महिने जातात, त्यामुळे दहावीच्या वर्षात नव्हे, आठवीतच हालचाल करावी.

राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विमा योजनेचा सल्ला कोणी दिला तर लक्षात ठेवावे की ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने विमा कंपन्यांना मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांप्रमाणेच तरतूद करायला सांगितले आहे, पण बहुतेक साध्या पॉलिसी दवाखान्यातील भेटी व सत्रांचा खर्च देत नाहीत. पॉलिसीत ओपीडीचे कलम आहे का, ते वाचून मगच हिशेब धरावा.

११. अठराव्या वर्षाची तयारी सतराव्या वर्षी करा

अठरा पूर्ण झाल्यावर उपचारांची संमती मुलाची स्वतःची असते आणि बालविभागातली फाइल बंद होऊ शकते. त्याआधीच निदानाचा सारांश, चाचण्यांचे अहवाल, दिलेली औषधे, त्यांच्या मात्रा आणि का बदलली याची नोंद, असे एक पत्र सध्याच्या डॉक्टरांकडून मागून घ्यावे. मुलाने किमान दोन भेटी एकट्याने कराव्यात, स्वतः वेळ घ्यावी, चिठ्ठीच्या दोन प्रती स्वतः दुकानात न्याव्यात. शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात जायचे असेल तर वसतिगृहाबरोबरच तेथील मानसोपचारतज्ज्ञाची पहिली वेळ कॉलेज सुरू होण्याआधी घेऊन ठेवावी. घरी आईच्या हाकेने उठणाऱ्या मुलाला पहिल्या सत्रात सर्वांत आधी सकाळचे तास चुकू लागतात, तेव्हा खोलीतल्या सोबत्याशी बोलून उठवण्याची काहीतरी व्यवस्था पहिल्याच आठवड्यात लावून द्यावी.